विषाविना शेती : स्वप्न की संकल्प?

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अळीसाठी आणलेले विष अन्नदात्याच्याच अंगात भिनले! शासनाने चौकशी केली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली. परंतु मूळ प्रश्न कायम राहिला. या विषाविना शेती होऊच शकत नाही काय?

२००२ साली बीटी कपाशी आली, तेव्हा फवारणीचा त्रास संपेल असे आश्वासन होते. बोंडअळीवरील फवारण्या आरंभी घटल्याही. परंतु रस शोषणाऱ्या तुडतुडे, पांढरी माशी या किडींवर या वाणाचा उपाय नव्हता आणि पुढे गुलाबी बोंडअळीनेही त्यातील विष पचवले. किडीवर एकच अस्त्र वारंवार चालवले, की ती त्याला सरावते, हा निसर्गनियम आहे. शिवाय सरसकट फवारणीने किडींना खाणारे ढालकिडे, कोळी यांसारखे मित्रकीटकही मरतात. राखणदारच मारल्यावर घर सुरक्षित कसे राहणार?

म्हणून काय एका रात्रीत सर्व औषधे बंद करावीत? श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते व कीटकनाशकांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. भाताचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. भावनेच्या भरात घेतलेल्या निर्णयाची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते. याउलट सिक्कीमने २००३ मध्ये सेंद्रिय शेतीचा संकल्प केला आणि टप्प्याटप्प्याने पावले टाकत २०१६ मध्ये तो पूर्णत्वास नेला. अर्थात, डोंगराळ सिक्कीममध्ये रसायनांचा वापर मुळातच अल्प होता, हे विसरून चालणार नाही.

अधिक बोलके उदाहरण इंडोनेशियाचे आहे. तेथे तपकिरी तुडतुड्याने भातशेतीत हाहाकार माजवला, तेव्हा १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली. मात्र त्यासोबत शेतकऱ्यांना किडींचे निरीक्षण करण्याचे शिक्षणही देण्यात आले. परिणामी फवारणी घटली, पण भात घटला नाही.

विदर्भातील कपाशीलाही हाच मार्ग लागू पडतो. कामगंध सापळे, पक्षिथांबे, बोंडअळीची अंडी नष्ट करणारे ट्रायकोग्रामा, पाच टक्के निंबोळी अर्क ही साधने परिचित आहेत. फरदड टाळणे व पऱ्हाट्यांची वेळीच विल्हेवाट लावणे यांनी गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तुटते. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच शेवटचा उपाय म्हणून औषध वापरावे, तेही पूर्ण संरक्षक साधनांसह. मात्र हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. शेजारच्या शिवारात अळी वाढत असेल, तर एकाचे श्रम व्यर्थ जातात. गावाने एकत्र येऊनच ते करावयाचे आहे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांचीही यात जबाबदारी आहे. डाग नसलेले वांगे आणि अळी नसलेला फ्लॉवर हवा, असा आग्रह धरायचा आणि विषमुक्त अन्नाची अपेक्षाही करायची, हे विसंगत आहे. संक्रमणाच्या काळात शेतकऱ्याला दोन पैसे अधिक देणे हा उपकार नव्हे, ते कर्तव्य होय. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या लेकरांच्या श्वासात विष जाणार नाही याची काळजी वाहिली, तरच त्या संबोधनाला अर्थ उरेल.