साठी आणि बुद्धि

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहज उच्चारली जाते कीं, आपण कोणाविरुद्ध निकाल देत आहों याचें भानही बोलणारास राहत नाहीं. वृद्धास एखादें नांव आठवलें नाहीं कीं तरुण मंडळी हसतात. त्याहून वाईट म्हणजे तो वृद्धही हसतो आणि निकाल मान्य करून ओटीवरच्या खुर्चींत बसून राहतो. आमच्या मतें खरा अपाय या बसून राहण्यांत आहे.

बैठकीच्या समर्थनार्थ कित्येक वाग्भटाचा आधार देतात. अष्टांगहृदयांत वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हें खरें. परंतु व्यायाम म्हणजे शरीरास आयास देणारें कर्म. सुश्रुतानें चिकित्सास्थानांत चंक्रमणाचा, म्हणजे फिरण्याचा, निराळा विचार केला आहे. देहास फार पीडा न देणारें चालणें आयुष्य, बल व अग्नि यांबरोबर मेधाही देतें आणि इंद्रियें जागीं करितें, असा त्याचा अभिप्राय आहे. आधुनिकांनीं याची प्रचीति घेतली. अमेरिकेंतील १२० वृद्धांवरील प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. एक गट आठवड्यांतून तीन दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत चाले. दुसरा केवळ अंग ताणण्याचे प्रकार करी. वर्षाअखेर चालणारांच्या मेंदूंतील, स्मृतीशीं निगडित असलेला ‘हिप्पोकँपस’ हा भाग सुमारें २ टक्क्यांनीं वाढला. इतरांचा तो थोडा आटला.

आमच्या बोर्ली पंचतनांत पूर्वीं चालणें मुद्दाम करावें लागत नसे. वाडी शिंपणें, पडलेली सुपारी वेचणें, झावळ्या ओढून आणणें यांत अंग आपोआप हाले. आणि सुपारी सोलावयास चार माणसें बसलीं म्हणजे जीभही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें श्रीवर्धन तालुक्यांतील कित्येक वाड्या आडव्या केल्या. पोफळ फळास येण्यास पांचसहा वर्षें तरी लागतात. मुलगे मुंबईस, मग सत्तरीच्या माणसानें रोप लावावें तें कोणासाठीं? वादळानें झाडांबरोबर म्हाताऱ्यांचें काम नेलें आणि कामाबरोबर सोबतही नेली.

ही सोबत चैनीची वस्तु नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशास हातभार लावणारीं, पण टाळतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं. त्यांत रक्तदाब, मधुमेह व हालचालीचा अभाव आहेत, तसेच एकाकीपणा आणि बहिरेपणाही आहेत. हीं सर्व दूर झालीं तर सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल वा लांबेल, असा तिचा अंदाज आहे. बहिरेपण कसें घात करितें पाहा. कमी ऐकूं येणारा मनुष्य प्रथम देवळांतील बैठक टाळतो, मग पाहुणा आला कीं आंत जातो. शेवटीं घरचे म्हणतात, ‘आबांना आतां कळत नाहीं.’ पुष्कळदां आबांना कळत असतें, फक्त ऐकूं येत नसतें! चष्म्याची लाज न बाळगणारानें कानांतील यंत्रास लाजावें, हें कोणतें शहाणपण?

बाणकोटच्या खाडीपलीकडील मुरूडचे धोंडो केशव कर्वे सत्तरी उलटल्यावर, १९२९ सालीं, परदेशप्रवासास निघाले. १९३६ सालीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं नवें मंडळ काढिलें. १९६२ सालीं निवर्तले तेव्हां त्यांचें वय १०४ होतें. एका उदाहरणानें सिद्धांत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु आपली कोणास तरी गरज आहे, ही जाणीव उतारवयांत कशी राखावी, हें त्यांच्याकडून शिकतां येतें.

मुंबईकर मुलें सुटींत येतात व म्हणतात, ‘आई, आतां तूं कांहीं करूं नकोस.’ यांत प्रेम आहे, पण विचार नाहीं. तिच्या हातचें काम काढून घेण्यापेक्षां त्यांतील जड भाग तेवढा घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांस आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व शक्ति वाढविणारे व्यायाम सांगते. गुडघे वा हृदय दुबळें असल्यास डॉक्टरांस विचारून बेतानें चालावें. पण शक्यतों एकट्यानें चालूं नये, शेजाऱ्यास हांक मारून न्यावें.

ज्यास खरोखरच स्मृतिभ्रंश जडला आहे त्यास मात्र ‘फिरला असतास तर’ असें ऐकवूं नये. त्यास उपचार व माया हवी. बाकीच्यांनीं पोफळीचें एक रोप अवश्य लावावें. सुपारी कोण खाईल, ही चिंता कशास? पाणी घालण्याच्या निमित्तानें रोज उठून वाडींत जावें लागेल, हें फळ पहिल्याच दिवसापासून मिळतें.