किल्ली हातात आली, गाडी कोणाची?



निफाड तालुक्यातली जानेवारीची पहाट. इकडच्या थंडीत पारा कधी कधी चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षबागा वाचवायला शेतकरी शेकोट्या पेटवतात. अशाच एका पहाटे साडेपाचला आमच्या गटातल्या एका आशाताईला फोन आला. मळ्यातल्या वस्तीवर एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. १०८ची रुग्णवाहिका निघाली होती आणि ताईने सोबत जायचं होतं.

ताईची जुनी स्कूटर अंगणात दवाने भिजून उभी. तिने सेल्फ दाबला, पुन्हा दाबला, बॅटरी उतरेपर्यंत दाबत राहिली. शेवटी दिराला उठवलं. त्याने चोक ओढला, चार किक मारल्या, गाडी सुरू झाली. "झेपत नाही तर बायकांनी गाड्या घ्याव्यात कशाला?" हेही ऐकवलं. ताई पोचली तोवर रुग्णवाहिका गेली होती. पहिलटकरीण, आणि सोबत एकटी म्हातारी सासू. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण बैठकीत हे सांगताना ताईला रडू आलं. म्हणाली, "चार वर्षं गाडी चालवतेय, चोक कशासाठी असतो ते मला कुणी सांगितलंच नाही."

मी गप्प बसले. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बारा वर्षं दुचाकीवर गावं पालथी घालणारी. पण थंडीत गाडी अडली की मीही बाजूला उभी राहून कुणी भाऊ किक मारायला येतो का, याची वाट बघत आले आहे. आत्मनिर्भरतेवर शिबिरं घेणारी मी!

१९७२ साली लुना आली, पुढे बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि बायका घराबाहेर पडल्या. हे मोठंच पाऊल होतं. पण आपल्याला गाडी शिकवली ती किती? ब्रेक, अॅक्सिलेटर, सेल्फ. बाकीचं 'आम्ही बघतो'. हवा नवरा भरणार, सर्व्हिसिंग मुलगा करणार. कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं हवं. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, त्याने जीव वाचतात. पण त्या नावातूनच कळतं की साडी नेसलेली बाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ती मागच्या सीटवर.

काही जणी म्हणतील, पुरुषांना तरी कोण शिकवतं? कुणी वर्ग घेत नाही, हे खरं. पण बारा वर्षांचा मुलगा गॅरेजच्या पायरीवर तासभर बसला तर कुणी हटकत नाही. मुलगी बसली तर? त्या पायरीवर मिळणारं ज्ञान आपल्याला मिळालेलं नाही, एवढाच फरक आहे. आणि 'मेकॅनिक आहे ना' म्हणावं, तर पहाटे साडेपाचला कुठलं गॅरेज उघडं असतं?

खरं तर शिकायचं आहे ते थोडंच. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून जुन्या गाडीला सुरुवातीला पेट्रोलचं प्रमाण जास्त लागतं. चोक तेच करतो. इंजिन तापलं की तो बंद करायचा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, त्यांना चोक ओढावा लागत नाही. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो, म्हणून सेल्फ चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मध्ये थांबावं. किक असेल तर गाडी डबल स्टँडवर लावून मारावी. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये, तो धूर विषारी असतो. थंडीने टायरमधली हवा उतरते, ती तपासावी. धुक्यात दिवा डिपरवर ठेवावा. अप्परचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. दवाने ओल्या, मातीने माखलेल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. उसाच्या आणि कांद्याच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं धरून चालू नये. शालीचं टोक खोचून घ्यावं. हे सगळं एका दुपारी शिकून होतं.

म्हणून माझं म्हणणं असं : दरवर्षी दिवाळीच्या आधी प्रत्येक गटाने गाडीचं अर्ध्या दिवसाचं शिबिर घ्यावं. मेकॅनिक बोलवावा, पण पाना आपल्या हातात असावा. ज्या संस्था कार्यकर्त्यांना गावोगाव पाठवतात त्यांनी पेट्रोलबरोबर बॅटरी-टायरचा खर्चही धरावा. आज तो बाईच्या तुटपुंज्या मोबदल्यातून जातो. आणि दाट धुक्यात 'मी आत्ता निघणार नाही' असं म्हणायचा हक्क तिला असावा. उशीर झाला म्हणून तिला बोलणाऱ्यांनी तो रस्ता एकदा पहाटे बघावा.

आमच्या गटाने असं पहिलं शिबिर नुकतंच घेतलं. त्या आशाताईने सगळ्यांसमोर चोक ओढून किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मग तिने मला पुढे बोलावलं. मला सहा लागल्या.

तुमच्या गावात किती जणींना स्वतःच्या गाडीचा चोक माहीत आहे? विचारून बघा, आणि आम्हाला जरूर कळवा.