एकत्र निवडणुका : निदान, औषध आणि पथ्य

लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका एकाच वेळी घ्याव्यात, हा विचार नवा नाही. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत आपल्या देशात बहुतांशी तसेच घडत होते. पुढे काही विधानसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाल्या, १९७० च्या अखेरीस लोकसभाही विसर्जित झाली आणि हा मेळ तुटला. तो पुन्हा जुळविण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले जाऊन संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. राजकीय पक्षांची मते सर्वश्रुत आहेत. आपण डॉक्टरांनी मात्र आधी निदान तपासावे, मग औषधाविषयी बोलावे.

उदाहरण आपल्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरचे घेऊ. तेथील मतदाराने नोव्हेंबर २०१८ मध्ये विधानसभेसाठी व मे २०१९ मध्ये लोकसभेसाठी मतदान केले. आमदारांच्या राजीनाम्यामुळे नोव्हेंबर २०२० मध्ये पोटनिवडणूक झाली. खासदार नंदकुमारसिंह चौहान यांच्या निधनामुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसरी झाली. २०२२ मध्ये पंचायती व नगरपालिका, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा विधानसभा आणि मे २०२४ मध्ये पुन्हा लोकसभा. साडेपाच वर्षांत सात निवडणुका!

याची किंमत बालरोगतज्ज्ञाला लगेच कळते. मतदान केंद्र शाळेत, निवडणुकीचे काम शिक्षकाकडे आणि मतदार यादीचे काम अनेक ठिकाणी अंगणवाडी कार्यकर्तीकडे. कोरकू वस्तीतील बालकाचे वजन करणे, त्याला लसीकरणास आणणे, कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठविणे, ही कामेही तिचीच. तिच्या हाती मतदार यादी आली की बालकाची वही मिटते.

म्हणजे रोग खरा आहे. पण औषधाने तो किती बरा होईल? एकत्र निवडणुकांमुळे या सातांपैकी दोनच टळल्या असत्या. राजीनामा व मृत्यू यांना वेळापत्रक नसते. शिवाय विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर नवी विधानसभा केवळ उरलेल्या मुदतीपुरती निवडावी, अशी या विधेयकात तरतूद आहे. तेव्हा मध्यावधी निवडणुकाही संपणार नाहीत.

औषधाचे दुष्परिणामही पाहावेत. २०१८ मध्ये मध्यप्रदेशाच्या मतदाराने काँग्रेसला २३० पैकी ११४ जागा दिल्या; सहाच महिन्यांनी लोकसभेच्या २९ पैकी २८ जागा भाजपला दिल्या. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये लोकसभेचा कौल एक आणि विधानसभेचा दुसराच लागला. दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे देण्याची ही सवड मोलाची आहे. ओडिशाने २०१९ मध्ये एकाच वेळी मतदान करूनही असा विवेक काही अंशी दाखविला, हे मान्य. परंतु सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे. दिल्लीच्या प्रश्नांच्या गदारोळात जिल्हा रुग्णालयातील रिक्त पदांविषयी कोण विचारणार?

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, औषधापेक्षा पथ्य अधिक निकडीचे आहे. अंगणवाडी कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांना निवडणुकीच्या कामातून पूर्णपणे मुक्त करावे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, इच्छाशक्ती लागते. ही मागणी आपल्या संस्थेने लेखी स्वरूपात शासनापुढे मांडावी, आणि येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण सर्वांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा.