विजेरीचा उजेड आणि रंगाचा खरेपणा

आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचें बरेंचसें काम दिवस मावळल्यावर चालतें, ही गोष्ट शहरांतील मनुष्यास सहसा ठाऊक नसते. पंपाची वीज कित्येकदां रात्रींच्या पाळीला येते. सूर्येच्या कालव्याचें पाणी आपल्या खाचरांत नीट उतरतें कीं नाहीं हें पाहण्यास बांधावर जावें लागतें. चिकूची प्रतवारी करून खोकीं भरण्याचें काम गाडी सुटेपर्यंत लांबतें. मोगऱ्याच्या कळ्या तर पहाटेसच खुडाव्या लागतात. गोठ्यांतलें जनावर आजारी पडावयाचें तेंहि बहुधा रात्रींच. या सर्व कामांत शेतकऱ्याचा सोबती म्हणजे विजेरी, जिला पालघर-बोईसरच्या बाजारांत आपण सारे बॅटरी म्हणतों. ती विकत घेतांना आपण एकच प्रश्न विचारतों, कीं उजेड किती लांब पडतो? माझें नम्र परंतु स्पष्ट म्हणणें असें आहे, कीं हा प्रश्न अपुरा आहे. शेतकऱ्यानें त्याच्या आधीं दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: या उजेडांत रंग खरा दिसतो काय?

रंगावरून निर्णय करण्याचीं कामें शेतींत किती आहेत, हें वाचकांनीं एकदां मोजून पाहावें. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें आपण भूषण मानतों. तें फळ तयार झालें कीं नाहीं हें ओळखण्याची जुनी रीत अशी, कीं नखानें साल किंचित् खरवडावी. आंत हिरवें दिसलें तर फळ कोंवळें, पिवळसर दिसलें तर काढणीस योग्य. ही सबंध परीक्षा हिरवा व पिवळा यांतील भेदावर उभी आहे. आतां रात्रीं शेडमध्यें एखादी स्वस्त विजेरी टांगून प्रतवारी चालली आहे असें समजा. तिचा उजेड हिरवट असला, तर पिवळसर रेघहि हिरवी भासते, आणि दोन्हीं फळें एकाच मापानें मोजलीं जातात. चांगलें फळ बाजूला पडतें, कोंवळें खोक्यांत जातें, आणि तें पुढें पिकण्याऐवजीं सुरकुततें. व्यापारी पट्टींतून पैसे कापतो, तेव्हां आपण दोष हवामानाला देतों.

भाताचेंहि तसेंच. पानाचा हिरवेपणा पाहून युरिया द्यावा कीं न द्यावा हें ठरविण्यासाठीं जो रंगतक्ता मिळतो, तो फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें प्रचारांत आणला. तो वापरण्याच्या सूचनांतच असें सांगितलेलें असतें, कीं प्रत्येक वेळीं दिवसाच्या एकाच सुमारास पान पाहावें व त्यावर आपल्या अंगाची सावली धरावी. म्हणजे ज्या कामाला भर उन्हाचा उजेडसुद्धां चालत नाहीं, त्याच जातीच्या कामाला आपण रात्रीं कोणताहि दिवा पुरेसा मानतों! शेळ्यांच्या पोटांतील रक्तशोषक जंतांचा अंदाज घेण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंत ‘फामाचा’ नांवाचा तक्ता निघाला. खालची पापणी उलटून आंतील तांबडेपणा पांच रंगांशीं ताडून पाहावयाचा; फिकट दिसला तर औषध द्यावयाचें. तांबडें मुळींच न दाखविणाऱ्या विजेरीच्या झोतांत निरोगी शेळीची पापणीहि फिकट दिसते. त्याहून वाईट हें, कीं सगळ्याच पापण्या फिकट दिसूं लागल्या म्हणजे पाहणारा त्या फिकटपणाला सरावतो, आणि खरोखर रक्त आटलेलें जनावर त्याच्या नजरेंतून निसटतें.

असें कां होतें हें समजून घेणें अवघड नाहीं. कंदिलाची ज्योत व जुन्या पितळी विजेरींतील तारेचा बल्ब हीं दोन्हीं तापून उजेड देतात. तापलेल्या वस्तूच्या उजेडांत इंद्रधनुष्याचे रंग सलग असतात. तांबडा अधिक, निळा कमी, पण मध्यें खंड नसतो. एल.ई.डी.ची रीत निराळी. आपल्या विजेरींत जी असते ती मूळची निळा उजेड देणारी बारीक टिकली. तिच्यावर पिवळ्या दीप्तिद्रव्याचा लेप दिलेला असतो. निळ्याचा कांहीं भाग लेपांतून आरपार जातो, बाकीच्याचा पिवळा होतो, आणि दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरें म्हणतो. हा निळा एल.ई.डी. साध्य केल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें यथायोग्यच होतें. रॉकेलच्या चिमणीच्या धुरांत ज्यांनीं अभ्यास केला, त्यांनीं या दिव्याची निंदा करणें शोभणार नाहीं. परंतु त्या मिश्रणांत निळा उंच, त्याच्या पलीकडे निळसर-हिरव्याच्या जागीं खळगा, मग हिरवा-पिवळा भरपूर, आणि गडद तांबडा अगदीं तोकडा, अशी साधारण स्थिति असते. तांबडी वस्तु तांबडी दिसावयाची तर तिच्यावर पडणाऱ्या उजेडांत तांबडा असावा लागतो; जें तिला मिळालेंच नाहीं तें ती परत कोठून पाठविणार?

हा तोकडेपणा टाळतां येत नाहीं असें नाहीं. दीप्तिद्रव्यांत तांबडा भाग मिसळतां येतो, व तशा विजेऱ्या मिळतातहि. मग सर्वच तशा कां नाहींत? याचें कारण ल्यूमेन. दुकानदार ज्या ल्यूमेनचा आंकडा सांगतो, त्याची गणना मानवी डोळ्याच्या संवेदनेवरून होते. दिवसा डोळ्याला हिरवट-पिवळा, म्हणजे ५५५ नॅनोमीटरचा उजेड सर्वांत प्रखर वाटतो; ६५० नॅनोमीटरचा गडद तांबडा त्याच्या सुमारें दशांशच वाटतो. कारखानदारानें तांबडा वाढविला, कीं त्याच सेलवर ल्यूमेनचा आंकडा खालीं येतो. माल आंकड्यावर खपत असल्यामुळें काट प्रथम तांबड्याला बसते. आपणच लांब पडणारा झोत मागतों, आणि बाजार आपल्याला तोच देतो.

खरेपणा मोजण्याचें एक माप आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें ठरविलेला रंगदर्शनाचा निर्देशांक, ज्याला बाजारांत सी.आर.आय. म्हणतात, तो १०० असला म्हणजे रंग आदर्श उजेडांत दिसतात तसेच दिसतात. मात्र या मापांत एक गोम आहे. हा आंकडा आठ फिक्या रंगांची सरासरी होय. गडद तांबड्याचा नमुना नववा, त्यास ‘आर-९’ म्हणतात, आणि तो या सरासरींत धरलेलाच नाहीं. त्यामुळें निर्देशांक ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपास असूं शकतो. कित्येकांचा तर शून्याच्याहि खालीं जातो. महसूल खात्यांत ज्यानें कारकुनी केली त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. पैसेवारी हीहि गांवाची सरासरीच. गांवाची पैसेवारी पन्नासाच्या वर राहिली, म्हणजे ओढ्याकांठच्या एखाद्या खातेदाराचें सबंध भात वाहून गेलें तरी आंकड्यांत त्याचा मागमूस लागत नाहीं. आर-९ हा तसा ओढ्याकांठचा खातेदार आहे. अमेरिकेंतील प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेनें २०१५ सालीं ९९ रंगांच्या नमुन्यांवर आधारलेली नवी पद्धति काढली. ती अधिक न्यायाची आहे. पण जेथें जुना आंकडाच खोक्यावर बहुधा छापलेला नसतो, तेथें नव्याची काय कथा!

येथें एक गल्लत दूर केली पाहिजे. दुकानांत ‘पांढरी’ व ‘पिवळी’ असे दोनच भेद सांगतात. तो भेद केल्व्हिनचा आहे: ६५०० निळसर, २७०० पिवळसर, ४००० ते ५००० मधला. पिवळसर उजेड म्हणजे खऱ्या रंगाचा उजेड, असें मुळींच नाहीं. २७०० चा दिवा रंगाला खोटा व ५००० चा खरा असूं शकतो. तिसरी बाब छटेची. एकाच केल्व्हिनच्या दोन विजेऱ्यांपैकीं एकीचा उजेड हिरवट व दुसरीचा किंचित् गुलाबी असतो. विजेऱ्यांचे हौशी लोक जगभर आहेत, आणि पांढऱ्या भिंतीवर दहा-दहा झोत टाकून त्यांच्या छटेवर ते तासन् तास वाद घालतात. मला प्रथम याचें हंसूं आलें. परंतु त्यांनीं निचिया या जपानी कंपनीच्या ‘२१९-बी’ नांवाच्या एल.ई.डी.ची जी वाखाणणी केली, ती लांब पल्ल्याकरितां नव्हे, तर ९० च्या वरचा निर्देशांक व गुलाबीकडे झुकणारी छटा यांकरितां. ज्यांना रंग पाहण्याची कांहीं गरज नाहीं, ते केवळ हौसेखातर इतके चोखंदळ. आणि ज्यांची भाकरी रंगावर अवलंबून, ते आपण बेफिकीर!

सापाविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे, कारण तेथें प्रश्न पैशाचा नाहीं. मण्यार रात्रीं हिंडते व जमिनीवर निजलेल्या मनुष्यास चावते. तिचें अंग चकचकीत निळसर काळें, त्यावर बारीक पांढरे पट्टे. कवड्या साप बिनविषारी. त्याचें अंग तपकिरी व पट्टे पिवळट. तपकिरी म्हणजे मंद झालेला तांबडा-नारिंगीच. तांबड्यावांचूनच्या उजेडांत तो करडा-काळा भासतो आणि पिवळट पट्टा पांढरा ठरतो. मग बिचारा कवड्या मण्यार म्हणून मारला जातो. आणि असे चार कवड्ये पाहून धीट झालेला पोरगा पांचव्या वेळीं खऱ्या मण्यारीला काठीनें डिवचतो. अर्थात् केवळ रंगावर कोणीं विसंबूं नये. मण्यारीचे पट्टे मानेपासून कांहीं अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपाशीं ठळक व शेपटीकडे पुसट असतात. आणि दंश झालाच, तर साप ओळखण्यांत क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठावें. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सापांवर एकच आहे.

रंग पाहावयाचा तर उजेड कोणता, हा प्रश्न आपल्या शेजारीं कधींच सुटलेला आहे. देशांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं ज्या तारापुरास सुरू झालें, त्याच्याच बाजूच्या औद्योगिक वसाहतींत रंगद्रव्यांचे व कापड रंगविण्याचे कारखाने आहेत. या धंद्यांतील मनुष्यास हें पक्कें ठाऊक असतें, कीं दोन तुकडे एका दिव्याखालीं जुळतात आणि बाहेर उन्हांत जुळत नाहींत. म्हणून रंग जुळविण्यासाठीं करड्या रंगाची एक पेटी ठेवतात. तींत दिवसाच्या उजेडासारखा दिवा, दुकानांतला नळीचा दिवा व तारेचा दिवा आळीपाळीनें लावून तुकडे पाहतात. आपलीं मुलें त्या कारखान्यांत पाळीवर जातात, तेथें ही पेटी पाहतात, आणि घरीं येऊन निळ्या झोतांत चिकू निवडतात.

आपल्याला अशी पेटी नको. आपली परीक्षा भिंतीवरच आहे. गेरूनें सारवलेली भिंत व त्यावर तांदळाच्या पिठाच्या रेघा, ही वारली चित्राची जात डहाणू-तलासरीपासून जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना त्याबद्दल २०११ सालीं पद्मश्रीहि मिळाली. एका फळीवर गेरू चढवून वर पिठाच्या चार रेघा ओढाव्या व ती फळी दुपारीं सावलींत नीट पाहून ठेवावी. रात्रीं तिच्यावर विजेरी धरावी. गेरू तांबूस राहिला तर तांबडा पुरेसा आहे. चिखलासारखा करडा झाला तर नाहीं. पांढऱ्या रेघांवर हिरवट झांक आली तर छटा वाईट. विजेरी मंद करूनहि पाहावी, कारण प्रखर असतां बरा दिसणारा उजेड मंद केल्यावर कित्येकदां हिरवट होतो. झोताच्या मध्यभागीं व कडेला निरनिराळी छटा आहे काय, तेंहि पाहावें. एक सावधगिरी: एकच विजेरी फार वेळ पाहूं नये. डोळा थोड्या वेळांत कोणत्याहि उजेडाला सरावतो व त्यालाच पांढरा मानूं लागतो. दोन विजेऱ्या शेजारीं शेजारीं धरल्या, म्हणजे खोटी कोणती तें लहान मूलहि सांगेल.

कोणी म्हणेल, कीं अशा विजेरीला दाम अधिक पडतो व झोत तितका लांब जात नाहीं. दोन्हीं खरें आहे. बांधावरून चालतांना, पंपाच्या खोपीकडे जातांना, दूरवर जनावराचे डोळे चमकतात काय हें पाहतांना सध्यांचीच विजेरी उत्तम. ती फेंकून द्या असें मी म्हणत नाहीं. पण प्रतवारीच्या शेडमध्यें व गोठ्यांत झोत दहा हातांपलीकडे जाण्याची गरजच काय? तेथें खऱ्या रंगाची एक विजेरी किंवा दिवा असावा, मधल्या केल्व्हिनचा, निर्देशांक ९० च्या वरचा. निळा कमी असलेल्या उजेडावर किडेहि कमी जमतात, हा वेगळा लाभ.

आपल्या संस्थेच्या भांडारांत पावसाळ्यापूर्वीं विजेऱ्यांची खरेदी होते. व्यवस्थापक मंडळानें यंदां घाऊक व्यापाऱ्याकडे निर्देशांक व आर-९ हे दोन आंकडे लेखी मागावे, आणि जो देणार नाहीं त्याचा माल घेऊं नये. तसेंच खोक्यावर हे आंकडे छापणें बंधनकारक करावें असा ठराव करून तो भारतीय मानक ब्यूरोकडे पाठवावा. एका संस्थेच्या अर्जानें कांहीं हलणार नाहीं हें मी जाणतों, पण डहाणू, तलासरी, वाडा येथील संस्थांनीं तोच ठराव केला तर आवक बारनिशींत चार नोंदी तरी होतील. तोंपर्यंत गेरूची फळी भांडारांतच टांगून ठेवावी, आणि सभासदानें पैसे देण्यापूर्वीं दार लोटून घेऊन तिच्यावर विजेरी धरून पाहावी. या कामीं भांडारप्रमुखाची हरकत नसावी.