ससा घाणेरडा, कीं आपली व्यवस्था अपुरी?

घरीं एखादा प्राणी पाळावा अशी हौस विद्यार्थिदशेंत बहुतेकांस असते. आणि शहरांतील लहान घरांतून कुत्र्याऐवजीं ससा आणण्याकडे कित्येकांचा कल असतो. ससा भुंकत नाहीं, शेजाऱ्यांस उपद्रव देत नाहीं, गवतपाल्यावर राहतो आणि दिसावयास तर मोठा गोजिरवाणा. परंतु पहिला आठवडा सरतो न सरतो तोंच तक्रार सुरू होते कीं, याच्यासाठीं ठेवलेली पेटी सोडून हा घरभर लेंड्या टाकतो आणि भलत्याच कोपऱ्यांत लघवी करतो. मग त्याची रवानगी गॅलरींतल्या पिंजऱ्यांत होते, व पुढें कोणा ओळखीच्याच्या गळ्यांत त्याला बांधण्यांत येतें किंवा एखाद्या बागेंत सोडून देण्यांत येतें. बागेंत सोडलेला पाळीव ससा कुत्र्यामांजरांच्या तोंडीं पडावयास फार वेळ लागत नाहीं. ज्या तक्रारीपायीं एका मुक्या जिवाला एवढी शिक्षा होते, तिच्यांत सशाचा दोष थोडा व आपल्या व्यवस्थेचा फार, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

प्रथम हा प्राणी कोण तें पाहूं. आपल्या माळरानांवर दिसणारा ससा निराळा आणि बाजारांत मिळणारा पाळीव ससा निराळा. मराठींत दोघांसही एकच नांव असल्यामुळें घोटाळा होतो. रानांतला ससा बीळ खणीत नाहीं. गवतांत थोडी बसकी जागा करून बहुधा एकटाच राहतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला पकडून पाळण्यास मनाई आहे. पाळीव सशाचे पूर्वज मूळचे स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील. ते जमिनींत बिळें करून वसाहतीनें राहणारे, आणि त्यांची एक रीत अशी कीं, वसाहतीच्या आसपास कांहीं ठराविक जागा निवडून तेथेंच लेंड्यांचे ढीग करावयाचे. हे ढीग म्हणजे जणूं त्यांच्या हद्दीचे दगड. त्यांच्या वासावरून आपला कोण व परका कोण हें ते ओळखतात. म्हणजे एका जागीं जाण्याची बुद्धि सशाच्या रक्तांतच आहे. ती त्याची जागा आणि आपली पेटी यांची गांठ घालून देणें एवढेंच काम आपणांकडे उरतें.

ही गांठ पडत नसेल तर ती कां पडत नाहीं, हें सशानें बाहेर काय केलें यावरूनच बहुधा कळतें. कोरड्या, गोल लेंड्या इकडे तिकडे विखुरलेल्या असतील, तर नवीन जागा आपली म्हणून तो खुणा करीत आहे असें समजावें. घर नवें असतां किंवा दुसरा ससा आणला असतां असें होतें, आणि ओळख पटली कीं तें कमी होतें. रोज एकाच कोपऱ्यांत लघवी होत असेल, तर त्यानें आपली जागा निवडलेली आहे. अशा वेळीं त्याच्याशीं हट्ट न करितां पेटीच त्या कोपऱ्यांत नेऊन ठेवावी. मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या पडून राहत असतील, तर मात्र तो सवयीचा प्रश्नच नव्हे. या मऊ लेंड्या ससा एरव्हीं बाहेर पडतांच खाऊन टाकतो, व त्यांतून त्यास पोषक द्रव्यें मिळतात. त्यांत किळस मानण्याजोगें कांहीं नाहीं. त्या तशाच पडून राहूं लागल्या, तर बिस्किटें, पोळी, गाजरें व फळें यांचा मारा होत असावा असें ओळखून तो थांबवावा, आणि त्याच्या आहाराचा मुख्य भाग वाळलें गवत हाच ठेवावा.

आतां पेटीविषयीं. ससा आंत बसून सहज वळूं शकेल एवढी ती मोठी असावी, व एका बाजूची कड ठेंगणी असावी. तळाशीं जुनीं वर्तमानपत्रें घालून वर गवत पसरावें. ओलें होतांच ज्याचे गोळे बनतात असें मांजरांसाठीं मिळणारें मातीचें चूर्ण वापरूं नये; तें पोटांत गेल्यास घात होतो. देवदार किंवा चीड या झाडांच्या लाकडाचा भुसाही वर्ज्य समजावा. यांहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, खावयाचें गवत पेटीच्याच एका टोंकास ठेवावें. सशास खातां खातांच लेंड्या टाकण्याची सवय असते. गवत एकीकडे आणि पेटी दुसरीकडे, अशी मांडणी केल्यावर त्यानें पेटींत जावें तरी कशासाठीं? बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून पेटींत टाकाव्या, लघवी टिपलेला कागदही तेथेंच ठेवावा, आणि बाहेरची जागा पांढऱ्या व्हिनेगरमध्यें पाणी मिसळून स्वच्छ पुसावी, म्हणजे वास पेटींत राहील व जमिनीवर उरणार नाहीं. पुष्कळ घरांत नेमकें याच्या उलट होतें. पेटी घासून लख्ख केली जाते, आणि जमीन नुसत्या ओल्या फडक्यानें पुसली जाते.

आणखी एक पथ्य जागेचें आहे. सशास पहिल्याच दिवशीं सगळें घर मोकळें करून देऊं नये. एक लहान जागा कुंपणानें आंखून द्यावी. तेथें तो नियमानें पेटींत जाऊं लागला म्हणजे ती थोडी थोडी वाढवावी, आणि पुन्हां गडबड झाल्यास कांहीं दिवस आंखडती घ्यावी.

एवढें करूनही यश येत नसेल, तर वयाचा विचार करावा. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास ससा वयांत येतो, आणि मग सवय लागलेला नरही लघवीचे फवारे उडवूं लागतो. यावर खरा उपाय म्हणजे पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेणें. तिचा गुण यावयास कांहीं आठवडे जातात. सशांवर अशी शस्त्रक्रिया केल्याचा अनुभव असलेला वैद्यच गांठावा. खर्चाचा विचार ससा आणण्यापूर्वींच करावा. मादीच्या बाबतींत तर गर्भाशयाच्या कर्करोगाचें मोठें भय यानें टळतें. मात्र चांगली सवय असलेला ससा एकाएकीं बाहेर लघवी करूं लागला, तर मूत्राशयांतील विकार अथवा म्हातारपणींची सांधेदुखी असण्याचा संभव असतो. अशा वेळीं त्यास रागें भरणें म्हणजे तापानें फणफणलेल्या मुलास अभ्यास कां झाला नाहीं म्हणून छडी मारण्यासारखें आहे.

कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतील, "दोन चापट्या दिल्या कीं येईल ताळ्यावर." हें मत मला मुळींच मान्य नाहीं. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. अंगावर येणारा हात म्हणजे ससाणा किंवा कोल्हा, एवढेंच त्याला उपजत ठाऊक. मागें केव्हां तरी टाकलेल्या लेंडीचा आणि आतांच्या चापटीचा संबंध त्याच्या ध्यानांत येत नाहीं. तो तुम्हांस भ्यावयास मात्र शिकतो, आणि मग पलंगाखालीं दडून तेथेंच घाण करतो. बाहेर बसण्याच्या बेतांत दिसल्यास त्याला हळूच पेटीकडे वळवावें, व पेटींत बसला कीं कोथिंबिरीची एक काडी द्यावी.

दुसरा पक्ष असें म्हणेल कीं, पिंजऱ्यांत ठेवला म्हणजे प्रश्नच मिटला. घराच्या जमिनीपुरता तो मिटतो खरा. परंतु सशाचा प्रश्न तेथें सुरू होतो. तारेच्या तळावर रात्रंदिवस बसून त्याच्या पायांना जखमा होतात. धांवावयास व उड्या मारावयास मिळत नाहीं. आणि वैशाखांतील गॅलरींतलें ऊन तर त्याच्या जिवावरच बेततें. आपल्या सोयीसाठीं आणलेल्या जिवाला आपल्या आळसासाठीं जन्मठेप देणें न्यायाचें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्याकडे हट्टी माणसास "माझ्या सशाला तीनच पाय" म्हणणारा असें म्हणतात. आपला ससा घाणेरडाच, असें ठरवून बसण्यापूर्वीं दोन आठवडे एक वही ठेवा. कोठें, केव्हां आणि काय पडलें तें रोज लिहा, व त्याप्रमाणें पेटी हलवून, गवत सरकवून पाहा. आणि पालकांस विनंति अशी कीं, नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षें, कधीं त्याहूनही अधिक जगतो. पांचव्या इयत्तेंतील मुलानें आणलेला ससा तो मुलगा महाविद्यालयांतून बाहेर पडेपर्यंत घरांत असूं शकतो. तेव्हां वाढदिवसाची भेट म्हणून ससा घेण्याआधीं त्याच्या पेटीची, गवताची व वैद्याची तजवीज करावी. आणि ती होण्यासारखी नसेल, तर मुलास स्पष्ट नाहीं म्हणावें. त्या नकारानें मुलगा एक दिवस रुसेल, पण एक ससा बागेंत टाकला जाण्यापासून वांचेल.