प्राडावर चिडलेले नवी मुंबईकर बेलापूरच्या हाटात दिसले नाहीत

जून २०२५ आठवतोय? मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला, मॉडेलांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला निघाल्या आणि आपलं अख्खं फेसबुक पेटलं. चोरी झाली, अस्मितेवर घाला पडला, कारागिरांचा अपमान झाला, वगैरे वगैरे. राग खोटा नव्हता. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालेलं आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, आणि प्राडाने सुरुवातीला कुणाचं नावही घेतलं नव्हतं. महाराष्ट्र चेंबरने पत्र धाडलं तेव्हा कुठे त्यांनी कबूल केलं. मग डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या दोन सरकारी महामंडळांबरोबर करार केला. मर्यादित जोड काढायचं ठरलं, किंमत सुमारे ८०० युरो.

त्या आठवड्यात माझ्या यादीतल्या किमान तीसेक नवी मुंबईकरांनी पोस्ट टाकल्या असतील. त्या सगळ्यांना प्रेमाने एकच विचारायचंय. तुमच्या घरातल्या चपलांच्या कपाटात कोल्हापुरीचे किती जोड आहेत? लग्नात शेरवानीखाली घातलेला रेक्झिनचा सोडून.

चिडायचं असेल तर आधी वस्तू माहीत हवी. कापशी म्हणजे कुठली, पुकारी कुठली, बक्कलनाली कशाला म्हणतात, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? वनस्पतींच्या साली-फळांत कमावलेलं कातडं, चामड्याच्याच दोऱ्याने घातलेले टाके, वरची वेणी बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातची. पहिले काही दिवस चावते, मग पायाचा आकार घेते आणि पुढे कित्येक वर्षं सोबत करते. हा जोड विकत घेणं हे रीलवर लिहिण्यापेक्षा सोपं आहे. पण आपण घेत नाही, कारण तो आपल्या वाटेत येत नाही.

आणि 'वाटेत न येणं' हा माझा आजचा मुद्दा आहे. ही शहराच्या नियोजनाची गोष्ट आहे, नुसती आवडीनिवडीची नाही.

मी नेरुळला राहते. सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरलं की काय होतं ते तुम्हाला माहितीय. फलाटावरून चार पावलं टाकली की तुम्ही मॉलमध्ये. हे आपोआप नाही झालं. सिडकोने ठरवून स्टेशन आणि व्यापारी संकुल एकत्र विकसित करायला दिलं आणि २०१७ मध्ये मॉल उघडला. वाशी, बेलापूरची स्टेशनं बघा. डोक्यावर आयटी कंपन्यांची ऑफिसं, खाली एवढाले हॉल की त्यात क्रिकेटची मॅच लागेल. म्हणजे लोकांच्या रोजच्या वाटेवर काय ठेवायचं याचा निर्णय या शहरात नेहमी कुणीतरी घेतलेला असतो. तयार कपड्यांच्या ब्रँडला स्टेशनच्या दारात जागा मिळाली. हातमागवाल्याला, बांबूवाल्याला, वारली चितारणाऱ्याला मिळाली नाही.

त्यांच्यासाठी बेलापूरला अर्बन हाट आहे. हो, आहे! हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ते आत्ता कळलं असेल. दिल्लीत १९९४ मध्ये दिल्ली हाट झाला, त्याच धर्तीवर केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने शहरोशहरी अर्बन हाटची योजना आणली. कारागिराने मधला व्यापारी टाळून थेट शहरी गिऱ्हाइकाला माल विकावा, ही कल्पना. आपल्याकडे सिडकोने तो उभारला. उघडं आवार, झाडं, छोटे गाळे, कार्यक्रमांसाठी जागा. प्रदर्शन भरलं की तिथे राजस्थानपासून बंगालपर्यंतचे लोक गाठोडी घेऊन येतात आणि पंधरा दिवस गाळ्यात बसतात. प्रदर्शन नसलं की आवार गप्प. बरं, आज प्रदर्शन आहे की नाही हे सांगणारा एक धड फलक मला बेलापूर स्टेशनवर कधी दिसलेला नाही. तुम्हाला दिसला असेल तर फोटो टाका, मी आनंदाने माघार घेईन.

आता लगेच कुणीतरी लिहील, "ताई, रस्त्यावर खड्डे आहेत, हवा श्वास घेण्यासारखी नाही, आणि तुम्हाला झुमके सुचतायत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला एकदा नीट उत्तर द्यायचं आहे.

सकाळी ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात चढून बघा. ठाण्याला जाणारी बँकेतली बाई, ऐरोलीला उतरणारी कॉल सेंटरची मुलगी, घणसोलीची नर्स. तासभर उभ्याने प्रवास. पण कानात मातीचे झुमके, खांद्यावर कलमकारीची ओढणी, हातात आठवड्याभरापूर्वी घेतलेली गोधडी कामाची पिशवी. "अगं, कुठून घेतलीस?" या एका प्रश्नाने दोन अनोळखी बायकांचं पुढच्या तीन स्टेशनांचं बोलणं सुरू होतं. याला चैन म्हणणाऱ्यांनी त्या डब्यात एक आठवडा काढावा. पगारातून घरभाडं, शाळेची फी, सासू-सासऱ्यांची औषधं जाऊन उरलेल्या तीनशे-चारशे रुपयांत ती बाई स्वतःसाठी जे घेते, तेवढंच तिच्या दिवसात तिचं स्वतःचं असतं. आनंदावर फक्त क्लबचं सभासदत्व परवडणाऱ्यांचा हक्क आहे का?

आणि दुसऱ्या टोकाला ते झुमके करणारी बाई आहे. देशात ३५ लाखांवर माणसं हातमागाच्या कामात आहेत आणि त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका, ही २०१९-२० च्या हातमाग गणनेतली आकडेवारी आहे. हस्तकला धरल्या तर संख्या आणखी मोठी. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष. खेड्यापाड्यांत फिरून त्या बाईने विरत चाललेल्या कला शोधून काढल्या. ते मंडळ २०२० च्या ऑगस्टमध्ये, अख्खा देश कोरोनात अडकलेला असताना, सरकारने बरखास्त केलं. हातमाग मंडळ त्याच्या थोडं आधी. वर दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा करतो आपण, नेते खादीचं जाकीट घालून फोटो काढतात! प्राडाच्या वेळी पेटलेल्यांपैकी या बरखास्तीवर कुणी दोन ओळी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

जागेच्या प्रश्नाकडे परत येते. २०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, सर्वेक्षण करा, शहर फेरीवाला समिती नेमा, त्यात विक्रेत्यांचेही प्रतिनिधी घ्या. प्रत्यक्षात काय दिसतं? पदपथावर क्रोशाचे रुमाल नि लोकरीची तोरणं मांडून बसलेल्या आजीला अतिक्रमणाची गाडी उठवते. तीच आजी बचत गटातून वर्षातून एकदा सरकारी प्रदर्शनात बसली की तिच्या स्टॉलवर मंत्री फीत कापतात. म्हणजे चार-पाच दिवस ती महिला सक्षमीकरण, उरलेले तीनशे साठ दिवस अतिक्रमण.

मॉलवाल्यांची बाजूही ऐकू. तिथे स्वच्छतागृह असतं, एसी असतो, बाळाचे कपडे बदलायला जागा असते, व्हीलचेअर आत जाते, रात्री नऊला बाईला भीती वाटत नाही. शंभर टक्के मान्य. आमच्याही घरी आईला बाहेर न्यायचं तर पहिला प्रश्न "तिथे बाथरूम आहे ना?" हाच असतो. पण ही सगळी सोय द्यायचं काम कुणाचं होतं? खासगी मालकाने ती दिली आणि त्या बदल्यात आपला रविवार घेतला. महापालिकेने आणि सिडकोने हाटात तेच दिलं असतं तर आपण तिथे गेलो असतो. स्वच्छतेच्या क्रमवारीत देशात पहिल्या काही नंबरांत येणाऱ्या शहराला एका आवारात चांगली स्वच्छतागृहं, बसायला बाक आणि प्यायला पाणी ठेवणं जमू नये?

रविवार घेतला म्हणते ते उगाच नाही. चौघांचं कुटुंब मॉलमध्ये गेलं की पार्किंग, सिनेमा, पॉपकॉर्न, फूड कोर्ट, मुलांच्या गेम झोनचं कार्ड. चार अंकी बिल कधी होतं कळत नाही, आणि घरी येताना हातात काय असतं? लोणावळ्याला जायचं तर अर्धा दिवस घाटात. अलिबागचं रिसॉर्ट म्हणजे महिन्याचा किराणा. पावसाळ्यात खारघरचं पांडवकडा गाठावं, तर तिथे दरवर्षी बंदी. जीव गेलेत तिथे, बंदी समजू शकते, पण सुरक्षित वाट आणि रेलिंग बांधण्याऐवजी वर्षानुवर्षं नुसती बंदीच? हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो येतात. पालिकेने शहराला 'फ्लेमिंगो सिटी' असं नाव मिरवलं आणि त्यांचे तलाव वाचवायला मात्र सामान्य लोकांना फलक घेऊन उभं राहावं लागलं. फुकट किंवा स्वस्तात मिळणारी प्रत्येक मजा या शहरात एक तर बंद असते, नाही तर धोक्यात.

हाटातला रविवार वेगळा असतो. कुंभाराच्या चाकावर पोरगं हात मातीत घालतं आणि तासभर मोबाईल मागत नाही. आजोबा बांबूच्या सुपाशी थांबून त्याची वीण कशी असते ते नातवाला सांगत बसतात, कारण त्यांच्या लहानपणी दारात बुरूड यायचा. हातमागवाला उलगडून दाखवतो, खरी पैठणी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मागे लोंबणारे धागे दिसले तर समजा यंत्रावरची आहे. घरातल्या तिन्ही पिढ्यांना करण्यासारखं काहीतरी असतं. मॉलमध्ये आजोबा बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले असतात, बघा कधी.

यंत्रावरच्या मालाचं निघालंच आहे तर हेही बोलूया. वाशी-नेरुळच्या हॉलमध्ये 'हँडलूम सेल'च्या नावाखाली जे लागतं त्यातलं बरंच यंत्रमागावरचं असतं, छापलेली वारली हाताने काढलेली म्हणून खपते. खऱ्या कारागिराला सगळ्यात जास्त हेच मारतं, कारण तीन दिवस खपून केलेल्या तुकड्याची तुलना तीन मिनिटांत छापलेल्याशी होते. म्हणून हातमागावर हँडलूम मार्क बघा, रेशमावर सिल्क मार्क बघा, विणणाऱ्याला चार प्रश्न विचारा. खरा माणूस उत्तर देताना खुलतो, थांबवावं लागतं.

आणि कृपा करून भाव पाडू नका. मॉलमध्ये ९९९ चा टॅग बघून गप्प कार्ड घासणारे आपण, हाटात आलो की "दादा, हजाराचं सातशेला द्या ना" सुरू करतो. तो दादा कच्छहून किंवा जव्हारहून पंधरा दिवसांसाठी आलाय, राहायचा-जेवायचा खर्च त्याचा त्यालाच. तुमचे तीनशे रुपये म्हणजे त्याचं दोन दिवसांचं जेवण. आपल्या आजीच्या काळी घासाघीस चालायची कारण समोरचा दर आठवड्याला भेटायचा, हिशेब पुढे-मागे व्हायचा. हा पुढच्या वर्षी येईल की नाही कुणी सांगावं.

२०२० पासून या शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता विचारायला माणूस आहे. विमानतळही सुरू झालाय, बाहेरून लोक येणार, मग इथून ते काय घेऊन जाणार? विमानतळावरची चॉकलेटं? ज्या आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्या बायकांचे दागिने, लुगडी, सुकट-मसाले यांना या शहरात मानाची एक बाजारपेठ तरी आहे का?

मागण्या फार मोठ्या नाहीत. वाशी, नेरुळ, बेलापूर स्टेशनांच्या रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येकी दहा टेबलं, फिरत्या पद्धतीने, नाममात्र भाड्यात, कारागीर आणि बचत गटांना. रेल्वेची 'वन स्टेशन वन प्रॉडक्ट' योजना २०२२ पासून आहेच, नवं काही शोधून काढायचं नाही. अर्बन हाटात दर शनिवार-रविवार बाजार, प्रदर्शन असो वा नसो. स्टेशनपासून हाटापर्यंत पालिकेची बस, एनएमएमटीच्या ताफ्यातली एक पुरे. वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर आणि प्रत्येक स्टेशनवर फलक. फेरीवाला समितीच्या बैठकांचं इतिवृत्त लोकांना वाचायला उपलब्ध.

मी माझ्या प्रभागाच्या नगरसेवकांना हेच पत्राने देणार आहे. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकते, आपापल्या प्रभागाचा नंबर घालून वापरा, माझं नाव ठेवायची गरज नाही. आणि प्राडावाल्या तीस जणांना मी टॅग करत नाहीये, पण पुढच्या प्रदर्शनाची तारीख कळली की नक्की करणार आहे.