रत्तलभर केक



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या वर्गाला एकच गृहपाठ दिला होता. घरात जो पदार्थ सगळ्यांत छान होतो, त्याची कृती वहीत लिहून आणायची. सुट्टी संपली, वह्या आल्या. चौथीतल्या एका मुलीच्या वहीत वर ठसठशीत नाव होते, 'धोंडस'. खाली सगळे पान कोरे!

"अगं, पुढचं कुठाय?" मी विचारलं.

"बाई, आजी सांगतच नाही. म्हणते, डोळ्याला बरं दिसेल एवढं घ्यायचं. त्यात लिहायचं काय?"

धोंडस म्हणजे कोकणातला काकडीचा केक. तांदळाचा रवा, काकडीचा कीस, गूळ आणि ओले खोबरे एकत्र करून पातेल्यात घालायचे. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. या आजींचे माहेर कोकणातले. लग्न होऊन त्या आमच्या कोळवणला आल्या आणि त्यांच्याबरोबर धोंडसही घाट चढून आले. पण आजींना लिहिता-वाचता येत नाही. मग कृती वहीत यायची कशी?

त्या कोऱ्या पानाचे काय झाले ते शेवटी सांगते. त्याआधी एका परदेशी केकची गोष्ट ऐका. आज आपण तो घरी करणारही आहोत.

त्याचे नाव पौंड केक. पौंड हे इंग्रजी वजन. तुमचे पणजोबा त्याला 'रत्तल' म्हणत. एक रत्तल म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. आपल्याकडे १९५८ पासून किलो आणि ग्रॅम आले, आणि शेर-रत्तल हळूहळू मागे पडले. या केकचे नाव हीच त्याची कृती आहे. एक रत्तल लोणी, एक रत्तल साखर, एक रत्तल अंडी, एक रत्तल मैदा. संपली कृती! आपली सात कप वडी अशीच नाही का? बेसन, ओले खोबरे, दूध आणि तूप एकेक कप, साखर तीन कप. बेरीज करा, सात! जिला नाव आठवले, तिला कृती आठवली.

इंग्लंडमध्ये हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली छापलेल्या पाकपुस्तकात हा केक आहे. मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटा, असे त्यात सांगितले आहे. तासभर! १७९६ साली अमेलिया सिमन्स यांच्या अमेरिकेतल्या पुस्तकातही तो आला. तिथे एक रत्तल किंवा दहा अंडी असे माप आहे. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या घराघरांत हा केक इतका रुळला, की तो तिथलाच होऊन गेला. फ्रान्समध्ये अशाच केकला 'कात्र-कार' म्हणतात. म्हणजे चार चतुर्थांश. नाव वेगळे, हिशेब तोच.

आता खरी गंमत. हा केक करायला वजने लागतच नाहीत! फक्त तागडी हवी. ती घरीच करा. एक सरळ काठी, तिच्या बरोबर मध्यभागी दोरा आणि दोन टोकांना दोन सारखी ताटल्या-झाकणे टांगा. एका पारड्यात ४ अंडी सालासकट ठेवा. दुसऱ्या पारड्यात साखर घाला, पारडी सारखी झाली की साखर काढून घ्या. मग तसेच लोणी आणि तसाच मैदा. लोणी वाटीत ठेवणार असाल, तर तशीच रिकामी वाटी अंड्यांच्या पारड्यातही ठेवा, नाहीतर तागडी फसवेल! चार अंड्यांचे वजन साधारण २०० ग्रॅम भरते. म्हणजे प्रत्येक जिन्नस तेवढाच.

आता कामाला लागा. शेगडीजवळचे काम आई, बाबा किंवा ताईच करतील, हे आधीच कबूल करा.

लोणी घरचे असेल तर थंड पाण्याने तीन-चार वेळा धुऊन पाणी नीट निथळू द्या, म्हणजे आंबटपणा जातो. विकतचे असेल तर बिनमिठाचे घ्या. ते मऊ हवे, पण वितळलेले नको. साखर मिक्सरमध्ये थोडी बारीक करा. लोणी आणि साखर एकत्र करून एकाच दिशेने फेटा. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे, हात भरून आला तर दादाकडे द्या, मग बाबांकडे. रंग फिका झाला आणि मिश्रण हलके वाटू लागले की थांबा. आता अंडी, पण एका वेळी एकच! एक अंडे पूर्ण मिसळले की दुसरे. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर त्यातलाच चमचाभर मैदा घाला. शेवटी मैदा दोनदा चाळून, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड घालून हलक्या हाताने मिसळा. आता मात्र फेटायचे नाही. फार घोटले तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केक घट्ट होतो.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू घालून, झाकण ठेवून ते दहा मिनिटे तापवा. लोणी लावून मैदा भुरभुरलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात मिश्रण ओता. डबा निम्म्यापेक्षा थोडाच जास्त भरू दे. तो वाळूवर ठेवून घट्ट झाकण लावा आणि आच मंद करा. साधारण एक ते सव्वा तास लागतो. पहिली पाऊण तास झाकण उघडायचे नाही, कितीही वास सुटला तरी! मग विणायची सुई खुपसून पाहा. ती कोरडी निघाली की केक झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

आणि हो, यात खायचा सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. मग केक फुगला कसा? साखरेचे टोकदार कण लोण्यात घुसताना हवेचे बारीक बुडबुडे सोबत नेतात. फेटू तितके बुडबुडे वाढतात. उष्णतेने ही हवा प्रसरण पावते, अंड्यातल्या पाण्याची वाफ होते आणि केक वर येतो. लोणी वितळलेले असेल तर बुडबुडे टिकतच नाहीत. माझा पहिला केक असाच पाटावरवंट्याशी स्पर्धा करणारा झाला होता! बेकिंग पावडर १८४३ साली आली. त्याआधी सगळी भिस्त हातावर होती.

पण हात कुणाचे? अमेरिकेच्या दक्षिण भागात १८६५ पर्यंत गुलामगिरी होती. तिथल्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करत त्या आफ्रिकी वंशाच्या गुलाम बायका. केक त्यांच्या हातचा, कौतुक मालकिणीचे. ॲबी फिशर ही त्यांच्यापैकीच एक. गुलामगिरी संपल्यावर ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. स्वयंपाकात तिने मोठे नाव कमावले, पण तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मग ती सांगत गेली आणि तिच्या ओळखीच्या लोकांनी लिहून घेतले. १८८१ साली दक्षिणेच्या जुन्या स्वयंपाकाचे तिचे पुस्तक छापले गेले, तिच्या स्वतःच्या नावाने. कुणीतरी लिहून घेतले, म्हणून ते आजही वाचता येते.

आता आपले कोरे पान. मी त्या मुलीला म्हटलं, "आजींना विचारू नकोस. त्या करतील तेव्हा शेजारी बस. त्यांची ओंजळ भांड्यात पडायच्या आधी वाटीत घे." तिने एकदा नाही, तीन वेळा मोजले. गंमत म्हणजे माप तिन्ही वेळा जवळजवळ तेच! रवा एक वाटी, काकडीचा कीस पाण्यासकट दोन वाट्या, गूळ पाऊण वाटी, ओले खोबरे पाव वाटी, चिमूटभर मीठ. रवा आधी तुपावर भाजलेला. आजींचा अंदाज म्हणजे पन्नास वर्षे न चुकलेली तागडीच होती. पानावर वर तिने लिहिले, 'आजीचे धोंडस', आणि खाली आजींचे पूर्ण नाव. मी ते वाचून दाखवले, तेव्हा आजी नुसत्याच पदराशी चाळा करत राहिल्या.

ज्यांच्या घरी अंडे चालत नाही, त्यांनी हे धोंडस करा. ज्यांच्याकडे चालते, त्यांनी केक करा. पण गृहपाठ मात्र सगळ्यांना एकच. या रविवारी घरातल्या एका तरी 'अंदाजा'चे माप घ्या, लिहून ठेवा, आणि ज्यांच्या हातचे असेल त्यांचे नाव वर लिहायला विसरू नका.

तुमच्या बाई